डोळ्यांचे व्यायाम करून वाचनाचा वेग वाढतो का?

सायंतारा | रविवार, रात्री ९:१०

माझा भाचा सदाशिव पेठेत राहून एमपीएससीचा अभ्यास करतो. दीड महिन्यापूर्वी त्यानं एका वेगवाचनाच्या वर्गाला पैसे भरले. तेव्हापासून पोरगं रोज पहाटे उठून भिंतीवरच्या ठिपक्यांवर नजर डावीकडून उजवीकडे नाचवतंय. वर्गात सांगितलंय की तुमचे डोळे आळशी आहेत, एकेका शब्दावर रेंगाळतात, मागे वळून बघतात. त्यांना शिस्त लावली की मिनिटाला हजार शब्द सहज होतील. परवा घरी आला तेव्हा डोळे लाल झालेले, आणि सराव परीक्षेत उताऱ्यांचे गुण होते तिथेच. मला फार वाईट वाटलं. एम.ए.ला असताना दोन वर्षं मी याच विषयात काम केलंय, माणसांना आय ट्रॅकरसमोर बसवून ती वाचताना नजर कुठे थांबते ते मोजलंय. म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही.

आधी एक प्रयोग करा. एक डोळा मिटा, त्या पापणीवर बोटाचं टोक अलगद टेकवा, आणि उघड्या डोळ्यानं ही ओळ वाचा. बोटाखाली डोळा झटक्याझटक्यानं हलताना जाणवेल. नजर ओळीवरून पाण्यासारखी वाहत जाते असं आपल्याला वाटतं, पण ती उडी मारते, थांबते, पुन्हा उडी मारते. १८७९च्या सुमारास हे पहिल्यांदा नीट नोंदलं गेलं. पॅरिसमध्ये एमिल जाव्हाल या नेत्रवैद्याच्या प्रयोगशाळेत हे काम झालं, आणि त्याच काळात एवाल्ड हेरिंगनं पापण्यांवर रबरी नळ्या टेकवून डोळ्याच्या स्नायूंचे ठोके चक्क कानांनी ऐकले. (जाव्हाल पुढे काचबिंदूनं पूर्ण आंधळा झाला. वाचनावर आयुष्य घालवलेल्या माणसाचं वाचनच गेलं, हे मला कधी विसरता आलेलं नाही.) अमेरिकेत एडमंड ह्यूईनं तर वाचकाचा डोळा बधिर करून बुबुळावर प्लास्टरची इवलीशी वाटी बसवली. मधोमध बघायला भोक, आणि वाटीला जोडलेली काडी धुरानं काळ्या केलेल्या नळकांड्यावर नजरेची रेघ ओढायची. आज कॅमेऱ्यासमोर नुसतं बसायचं असतं.

इंग्रजी वाचणाऱ्या प्रौढांचे आकडे सर्वांत जास्त तपासलेले आहेत. एक थांबा सरासरी २०० ते २५० मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाचा पाव भाग. एक उडी सात ते नऊ अक्षरांची, तिला वेळ २० ते ३५ मिलिसेकंद. शंभरातल्या दहा ते पंधरा उड्या मागे जातात. आणि साधारण एक तृतीयांश शब्दांवर नजर टेकतच नाही, बारके शब्द ती ओलांडून जाते.

उडी मारायचीच कशाला? कारण स्पष्ट दिसतं ते डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या जेमतेम दोन अंशांत. हात लांब करून अंगठा धरा, त्याच्या नखाएवढी जागा. तिच्याबाहेर नजर झपाट्यानं मंदावते. ही पडद्याची रचना आहे, कोणत्याही सरावानं ती बदलत नाही. आणि उडी चालू असताना आपल्याला उपयोगाचं काहीच दिसत नाही. आरशात स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्याकडे. डोळे हललेले दिसणार नाहीत. शेजारी उभ्या माणसाला मात्र दिसतील.

आता मुद्द्याचं. नजर पुढच्या शब्दावर कधी जायचं ते कोण ठरवतं? वर्गवाले धरून चालतात की डोळा ठरवतो, म्हणून डोळ्याला तालीम. याचा निकाल मला वाटतं एका सुंदर प्रयोगानं लागला. कीथ रेनर आणि सायमन लिव्हर्सेज यांच्या गटानं २००३च्या सुमारास असं केलं, की वाचकाची नजर एखाद्या शब्दावर टेकली की ६० मिलिसेकंदांत तो शब्द संगणकाच्या पडद्यावरून पुसायचा. वाचक कोऱ्या जागेकडे बघत राहतो. तरी वाचन जवळपास नेहमीच्याच वेगानं चालू राहिलं! म्हणजे डोळ्याचं काम ६० मिलिसेकंदांत आटोपलं होतं. पण त्याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे: शब्द नेहमीचा असेल तर नजर त्या कोऱ्या जागेवरून लवकर उठायची, आणि शब्द दुर्मीळ असेल तर तिथेच थांबायची. बघायला काही उरलेलं नसताना! नजर तिथे थांबली होती ती डोक्यात शब्दाची ओळख पटेपर्यंत.

म्हणून 'पाऊस' वाचताना आपण पटकन पुढे जातो आणि 'पर्जन्यमान'वर क्षणभर रेंगाळतो. त्या रेंगाळण्यात डोळ्याचा काही दोष नाही.

आणखी एक उदाहरण. १९९७ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात इंग्लंडमधल्या एका तरुणीबद्दल छापून आलं. जन्मापासून तिचे डोळे खोबणीत हलतच नव्हते. ती वाचायची कशी? मान हलवून. आणि तिचं डोकं आपल्या नजरेसारखंच उडी, थांबा, उडी, थांबा असं चालायचं. वाचनाची ही चाल डोळ्याच्या स्नायूंची असती तर तिला ती कुठून मिळाली असती?

आता हजार शब्दांचा हिशोब. पाव सेकंदाला एक थांबा म्हणजे मिनिटाला २४० थांबे. मार्क ब्रिसबार्टनं २०१९ साली जुन्यानव्या अभ्यासांची बेरीज केली, तेव्हा इंग्रजी माहितीपर मजकूर मनात वाचण्याची सरासरी निघाली मिनिटाला २३८ शब्द. गोष्टी-कादंबऱ्यांची २६०. आकडे किती जवळ आले बघा. हजार शब्द वाचायचे तर प्रत्येक थांब्यात चारपेक्षा जास्त शब्द टिपावे लागतील, आणि डोळ्याच्या पडद्याची रचना ते होऊ देत नाही. उड्यांचा वेळ पूर्ण वाचवला तरी हाती येतो फार तर दहावा हिस्सा, तोही नावापुरता, कारण उडी चालू असतानाही डोकं आधीच्या शब्दावर काम करतच असतं.

भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, मग मी करू काय?" त्याचं उत्तर मी खाली देईनच. पण इथे बरेच जाणकार आहेत, आधी तुम्ही सांगा.

---

अभ्यासिका_चौथामजला | रविवार, रात्री ९:४८

ताई, तुमच्या भाच्याच्याच वर्गातला मी पण असू शकतो. ठिपके, आठचा आकडा, सगळं तेच. एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेत सीसॅटच्या पेपराला दोन तासांत ८० प्रश्न, त्यात उतारेच उतारे. घड्याळ बघितलं की पोटात गोळा येतो. आम्हाला सांगितलंय की मागे वळून वाचणं ही सर्वांत वाईट सवय. पट्टी धरून वाचलेली ओळ झाकायला लावतात. हे तरी बरोबर आहे का?

---

सायंतारा | रविवार, रात्री १०:०५

नाही रे. झाकू नकोस, मनापासून सांगते.

मागे जाणाऱ्या उड्या दोन प्रकारच्या असतात. काही बारीक असतात, उडी जरा लांब पडली म्हणून सावरून घेणाऱ्या. बाकीच्या अर्थाच्या असतात. "रमेशनं सुरेशला मारलं नाही असं पोलिसांना सांगणाऱ्या साक्षीदाराला" इथपर्यंत आलास की नजर आपोआप मागे जाते, कुणी कुणाला ते पुन्हा लावायला. २०१४ साली एलिझाबेथ शॉटर, रँडी ट्रॅन आणि रेनर यांनी हेच तपासलं. नजर पुढे गेली की मागचे शब्द एक्सच्या फुल्यांनी झाकायचे. मागे जाऊन काही मिळत नाही म्हटल्यावर समज घसरली. त्याच वर्षी एकेक शब्द एकाच जागी लुकलुकवणारी ॲप्स आली होती. त्यांची अडचण हीच, मागे जायला जागाच नाही.

तू जी पट्टी धरतोस ती नेमकं हेच करते. परीक्षेत तर उताऱ्याचा प्रश्नच "यांपैकी कोणते विधान चुकीचे" असा असतो. तिथे माघार घेतल्याशिवाय भागत नाही.

---

संकल्प७७ | रविवार, रात्री १०:३१

मी असहमत आहे. तीन वर्षांपूर्वी असाच कोर्स केला. आधी मिनिटाला १८० शब्द होते, शेवटी ६०० मोजले, आणि परीक्षेत समज ७५ टक्के. ओळीखाली बोट फिरवून वाचतो आणि आजही त्याचा फायदा होतो. अमेरिकेत एव्हलिन वुड यांनी १९५९ पासून हजारो लोकांना हे शिकवलं. सगळेच खोटं बोलत होते का?

---

सायंतारा | रविवार, रात्री ११:०२

संकल्पजी, तुमचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. बोट धरल्यानं ओळ चुकत नाही, लक्ष भरकटत नाही, हे दोन्ही फायदे खरे आहेत.

माझा आक्षेप समज मोजण्याच्या पद्धतीला आहे. अमेरिकेतच अशा कोर्सच्या चाचण्या तपासल्या गेल्या, तेव्हा ज्यांनी उतारा वाचलाच नव्हता त्यांनाही पर्यायांवरून आणि सामान्य ज्ञानावरून फारसे कमी गुण पडले नाहीत. तर मग ७५ टक्क्यांत वाचनाचे किती? मार्सेल जस्ट, पॅट्रिशिया कार्पेंटर आणि मायकेल मॅसन यांनी १९८०च्या सुमारास वेगवाचन शिकलेल्यांची नजर नोंदवून बघितली. ती शब्द गाळत होती. गाळलेल्या जागेतलं काही विचारलं की उत्तर येत नव्हतं. वरवर चाळणाऱ्या साध्या माणसांइतकीच त्यांची स्थिती होती, सोप्या मजकुरात सारांश थोडा बरा लागत होता इतकंच.

चाळणं हे कौशल्य आहे आणि ते शिकावं. दहा कागदांतला कामाचा कागद शोधायचा तर चाळावंच लागतं. फक्त पोरांना "हे पूर्ण वाचन आहे" असं सांगून त्यांच्याकडून पैसे घेतले जातात, तिथे मला राग येतो.

---

दफ्तरखाना | सोमवार, सकाळी ६:२०

फार दिवसांनी इथे लिहितो आहे. माझं आयुष्य मोडी कागद वाचण्यात गेलं, म्हणून या धाग्यात मला माझीच गोष्ट दिसली.

ज्यांनी मोडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. लिहिणारा आधी कागदावर आडव्या रेघा ओढून घेतो आणि मग रेघेखाली लिहीत जातो, हात होईल तितका न उचलता. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. सगळी ओळ एकच लांब शब्द असल्यासारखी दिसते. शिकाऊ असताना एक पत्र लावायला मला दोन दिवस लागले होते. अक्षरं ओळखत होतो, पण शब्द कुठे संपतो ते कळत नसल्यानं नजर अडखळायची, मागे यायची, पुन्हा तिथेच. डोळे तेव्हा विशीतले होते, ठणठणीत.

आज सत्तरी ओलांडली, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला, आणि तेच पत्र मी चहा निवायच्या आत वाचतो. डोळे सुधारले नाहीत, बाबांनो. 'राजश्री' दिसलं की पुढे नाव आणि 'गोसावी यांसी' येणार हे ठाऊक झालं. 'विनंति उपरी', 'जाणिजे', 'छ' म्हटलं की चंद्रतारीख, शेवटी 'लेखनसीमा' किंवा 'मोर्तब सूद'. या जागांवर नजर टेकावीच लागत नाही. आणि मधेच एखाद्या खेड्याचं किंवा धान्याच्या मापाचं अनोळखी नाव आलं, की आजही मी पहिल्या दिवसाइतकाच थांबतो.

---

सायंतारा | सोमवार, सकाळी ८:१५

काका, नमस्कार. मी दोन वर्षं यंत्रापुढे बसून जे मोजलं ते तुम्ही एका परिच्छेदात सांगितलंत.

तुमच्या न तोडलेल्या ओळीबद्दल: इंग्रजी मजकुरातल्या शब्दांमधल्या जागा काढून टाकल्या तर वाचन बऱ्याच वाचकांत ३० ते ५० टक्के मंदावतं. कारण नजर पुढची उडी कुठे टाकायची ते त्या मोकळ्या जागांवरून ठरवते. कडेनं, धूसर का होईना, पुढच्या शब्दाची लांबी दिसते, आणि उडी त्याच्या सुरुवातीच्या आणि मध्याच्या मध्ये कुठेतरी पडते. म्हणजे उडी *कुठे* हे बरचसं शब्दांच्या लांबीवर ठरतं, आणि *केव्हा* हे बरंचसं शब्दाच्या ओळखीवर. मोडीत पहिला आधारच नाही. आणि ठरावीक मायने पुढे काय येणार ते आधीच सांगतात, म्हणून तुमची नजर तिथून उडून जाते. अंदाज बांधता येणारे शब्द नजर जास्त वेळा ओलांडते, हे इंग्रजीतही अगदी पक्कं दिसलेलं आहे.

---

रानजाई | सोमवार, दुपारी २:४०

हे वाचून रडू आलं. माझा मुलगा चौथीत आहे. एका ठिकाणी आम्हाला सांगितलं की त्याची नजर ओळीवर स्थिर राहत नाही, म्हणून तो अडखळत वाचतो. सहा महिने डोळ्यांचे व्यायाम करा. आम्ही केले. रोज अर्धा तास, तो कंटाळून रडायचा आणि मी रागवायची. काही फरक पडला नाही. मग दुसरीकडे तपासलं तेव्हा कळलं की त्याला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे शब्द ओळखणंच त्याला जड जातं. पण त्याची नजर खरंच इकडेतिकडे जाते हो, मी स्वतः बघितलंय. मग ते चुकीचं कसं?

---

चष्मेघर | सोमवार, दुपारी ३:५५

रानजाई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, रोज अशी मुलं बघतो. तुम्ही बघितलंत ते खरं आहे. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांचे थांबे लांब असतात, उड्या तोकड्या, माघारी जाणं जास्त. १९८०च्या सुरुवातीला एका संशोधकानं दावा केला होता की हा दोष नजरेच्या चालीतच आहे, वाचन नसतानाही दिसतो. इतर प्रयोगशाळांनी तो प्रयोग पुन्हा करून बघितला, तेव्हा तसं दिसलं नाही. उलट या मुलांना त्यांना झेपेल असा सोपा मजकूर दिला की नजर शांत होते. आणि तुम्हा-आम्हाला न कळणाऱ्या विषयातलं कठीण पुस्तक दिलं, की आपलीही नजर अशीच धडपडते. शब्द ओळखता येत नाही म्हणून नजर भटकते. भटकते म्हणून ओळखता येत नाही, असं नाही.

२००९ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून निवेदनच काढलं की डोळ्यांच्या व्यायामानं डिस्लेक्सिया बरा होतो याला पुरावा नाही.

पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. काही मुलांना डोळ्यांचाच त्रास असतो. जवळ बघताना दोन्ही डोळे आत वळून एका अक्षरावर टिकत नाहीत, मग अक्षरं दुहेरी दिसतात, पोहतात, डोकं दुखतं. त्यासाठी देखरेखीखाली व्यायाम करून त्रास कमी होतो, हे २००८च्या मोठ्या अमेरिकन चाचणीत दिसलं. त्याच गटानं २०१९ साली पुढचा प्रश्न विचारला, की त्रास कमी झाल्यावर वाचनही सुधारतं का? लुटुपुटीचे व्यायाम केलेल्या मुलांपेक्षा खरे व्यायाम केलेली मुलं वाचनात पुढे गेली नाहीत. म्हणून डोकेदुखीसाठी व्यायाम जरूर करा, वाचन यायला मात्र वाचनच शिकवावं लागतं. आणि साधा प्लस नंबर राहून गेलाय का तेही बघून घ्या, मुलं तो ताण देऊन लपवतात.

---

रानजाई | सोमवार, संध्याकाळी ५:१२

डॉक्टर, मनापासून आभार. आता बाई त्याला आवाज आणि अक्षर जोडून शिकवतात. 'कि' लिहिताना आधी वेलांटी आणि मग क, पण म्हणताना आधी क, इथे तो सगळ्यात जास्त अडतो.

---

सायंतारा | सोमवार, संध्याकाळी ७:३०

रानजाई, ती जागा सगळ्यांनाच थोडी जड जाते. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ साली हिंदी वाचणाऱ्यांवर हेच तपासलं. जिथे वेलांटी डोळ्याला आधी आणि कानाला नंतर येते, तिथे वेळ जास्त लागतो. मोठ्यांनाही. त्याला हे सांगा. आपण एकटेच अडत नाही हे कळलं की पोराला बरं वाटेल. आणि ते व्यायामाचे सहा महिने मनातून काढून टाका, तुम्ही त्याच्या भल्यासाठीच केलंत.

देवनागरीवर असं काम मुळात कमी आहे. अलाहाबाद आणि जर्मनीतल्या पोट्सडॅम इथल्या संशोधकांनी हिंदी वाचणाऱ्यांच्या नजरेच्या नोंदींचा एक संग्रह केला, तो २०१५ साली आला. मराठीसाठी कुणी असं काही करावं ही माझी फार जुनी इच्छा आहे. आपल्याकडे 'गावाबाहेरच्यांनासुद्धा' हा एक शब्द. इंग्रजीत त्याचे पाच-सहा होतील. म्हणून "मराठी माणूस मिनिटाला किती शब्द" हे इंग्रजी आकड्याशी ताडणंच चूक आहे. वर्गवाले १८० शब्दांना 'मंद' ठरवतात ते कशाच्या आधारावर?

---

कऱ्हाकाठ | सोमवार, रात्री ९:०५

विषयाला सोडून असेल तर माफ करा. माझे वडील ७१ वर्षांचे, निवृत्त तलाठी. पाच महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, बोलणं स्वच्छ, हिशोब तोंडी करतात. पण पेपर वाचता येत नाही. आयुष्यभर सातबारे वाचलेला माणूस एक मथळा वाचायला मिनिट लावतो. तीन वेळा चष्मा बदलला. शेवटी एका डॉक्टरांनी यंत्रावर तपासून सांगितलं की दोन्ही डोळ्यांची उजवी अर्धी बाजू दिसत नाही. मला समजत नाही, डावी बाजू तर शाबूत आहे, मग शब्द का वाचता येऊ नये?

---

सायंतारा | सोमवार, रात्री १०:१०

अजिबात विषय सोडून नाही. उलट इथे खरोखर नजरेचं नियंत्रणच अडलंय.

जॉर्ज मॅकॉन्की आणि रेनर यांनी १९७५ साली एक युक्ती काढली. नजर जिथे असेल तिथे अक्षरांची एक छोटी खिडकी उघडी ठेवायची, बाकी सगळी फुल्या. खिडकी लहान-मोठी करत न्यायची आणि वाचन कधी बिघडतं ते बघायचं. इंग्रजीत निघालं असं: नजरेच्या डावीकडे तीन-चार अक्षरं पुरतात, उजवीकडे मात्र चौदा-पंधरा लागतात. म्हणजे वाचताना आपण उजवीकडची वाट सतत चाचपत असतो. पुढे कुठला शब्द आहे, किती लांब आहे, उडी कुठे टाकायची, हे सगळं तिथून कळतं. वडिलांची नेमकी तीच बाजू गेली आहे. त्यांना प्रत्येक उडी अंधारात टाकावी लागते. म्हणून थांबे वाढतात, उड्या तोकड्या होतात. डावी बाजू गेलेल्यांना ओळीची सुरुवात सापडायला त्रास होतो, पण सुरुवात सापडली की ओळ बरी वाचता येते.

---

नवगाव_ते_अश्दोद | सोमवार, रात्री ११:४०

इस्राएलहून लिहितोय. आमचं कुटुंब अलिबागकडचं बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारं ज्यू, मी दहा वर्षांचा असताना इथे आलो. घरात मराठी पुस्तकं डावीकडून उजवीकडे, शाळेत हिब्रू उजवीकडून डावीकडे. मला नेहमी प्रश्न पडायचा की डोळे गोंधळत कसे नाहीत. सायंतारा, ही खिडकी हिब्रूत उलटी होते का?

आमच्या शेजारच्या आजींना असाच झटका आला होता, पण त्यांची डावी बाजू गेली. त्यांचं हिब्रू वाचन जवळपास थांबलं. मराठी पोथी मात्र हळूहळू वाचायच्या, ओळीच्या आरंभाला बोट ठेवून. घरच्यांना वाटायचं की जुनी भाषा जास्त पक्की म्हणून.

---

सायंतारा | मंगळवार, सकाळी ७:५०

दादा, तुमचा प्रतिसाद वाचून मी जागच्या जागी उठून उभी राहिले. होय, उलटी होते. अलेक्झांडर पोलात्सेक आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली दोन्ही भाषा वाचणाऱ्या इस्राएली लोकांवरच ते तपासलं. तीच माणसं, तेच डोळे. इंग्रजी वाचताना खिडकी उजवीकडे लांब, हिब्रू वाचताना डावीकडे. पुढे उर्दूतही ती डावीकडेच लांब दिसली. डोळ्याच्या पडद्यावर डावं-उजवं असं काही ठरलेलं नाही. लक्ष ज्या दिशेला पुढे धावतं तिकडे खिडकी उघडते, आणि ते लक्ष भाषेच्या मागे जातं.

आजींची तपासणी मी केलेली नाही, त्यामुळे ठाम बोलणार नाही. पण डावी बाजू गेल्यावर हिब्रू अडावं आणि मराठी ओळीच्या आरंभाला बोट धरून चालावं, हे याच्याशी अगदी जुळतं.

---

चष्मेघर | मंगळवार, सकाळी ११:२०

कऱ्हाकाठ, चष्मा आणखी बदलू नका, नंबराचा प्रश्नच नाही हा. करण्यासारख्या गोष्टी सांगतो, पण मेंदूविकारतज्ज्ञांना विचारूनच. मोठा टाईप आणि अरुंद स्तंभ घ्या. ओळ संपते तिथे, म्हणजे उजव्या कडेला, लाल रेघ मारा. तिथपर्यंत नजर न्यायचीच असा नियम. काहींना कागद घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं वळवून, ओळी वरून खाली येतील असा धरला तर बरं पडतं, कारण पुढची ओळ मग दिसणाऱ्या बाजूला राहते. आणि उजवीकडून डावीकडे सरकत जाणारा मजकूर रोज वाचायचा सराव. लंडनमधल्या एका गटानं यावर काम केलंय, उजवी बाजू गेलेल्यांचा वेग त्यानं वाढलेला दिसला. टीव्हीवरच्या बातम्यांची खालची पट्टी तशीच सरकते. रोज वीस मिनिटं तीच वाचायला सांगा.

---

अभ्यासिका_चौथामजला | मंगळवार, दुपारी १:०५

म्हणजे डोळ्याचा सराव करून वेग वाढतो, पण तो ज्यांची नजर आजारानं अडलीये त्यांचा. आणि आमचा?

---

सायंतारा | मंगळवार, रात्री ८:४५

बरोबर पकडलंस. तुझा वेग शब्दांच्या ओळखीनं वाढेल. भाच्याला जे सांगितलं तेच तुला सांगते. सीसॅटचे उतारे अर्थशास्त्र, पर्यावरण, तत्त्वज्ञान, विज्ञान असल्या विषयांचे असतात. यातल्या ज्या विषयात तू सर्वांत हळू वाचतोस, त्याच विषयाचं रोज दहा पानं वाच. अडलेले शब्द वहीत लिही. तिसऱ्या-चौथ्या वेळी तोच शब्द भेटला की तुझी नजर त्यावरून कमी वेळात उठेल, तुला कळणारही नाही. प्रश्न आधी वाचून घे, म्हणजे काय शोधायचं ते ठाऊक असेल, आणि बिनकामाचा परिच्छेद बिनधास्त चाळ. दोन भाषांत छापलेल्या पेपरात ज्या भाषेत तुझा शब्दसाठा मोठा, तिथेच वाच. दोन्हींकडे नजर टाकत बसू नकोस. आणि मनातल्या मनात शब्द उच्चारले जातात म्हणून घाबरू नकोस, कठीण वाक्य समजायला त्याची मदतच होते.

पहाटेचा तो अर्धा तास झोप.

---

कऱ्हाकाठ | पुढचा रविवार, सकाळी १०:३०

फक्त कळवायला आलोय. आठवडाभर टीव्हीची पट्टी वाचताहेत. आवाज बंद करायला लावतात, नाहीतर ऐकून ओळखता येतं म्हणे. आज सकाळी पेपर आडवा धरून, लाल रेघा मारून, बाजारभावाचा कोपरा वाचला. कांदा, तूर, सोयाबीन, सगळे दर. बावीस मिनिटं लागली. आईनं मधे दोनदा चहा विचारला, तर हातानंच थांब म्हणाले. मग मला बोलावून तुरीचा दर मोठ्यानं वाचून दाखवला, आणि पट्टीची जागा अजून खाली घेता येईल का ते टीव्हीत बघ म्हणाले.